पडद्यावर साइन, बोर्डावर धूर

उटनूरला इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने प्युअर साइन वेव्हचा ड्रायव्हर बोर्ड आधी सॉफ्टवेअरमध्ये चालवून बघितला. बोर्ड बाजारात सर्रास मिळणारा, ईजीएस००२: त्यावर ईजी८०१० चिप आणि मॉस्फेटचे गेट हाकणारे आयआर२११०. सॉफ्टवेअर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम, फुकट मिळणारं.

ईजी८०१०चं तयार मॉडेल हाताशी नव्हतं. म्हणून ५० हर्ट्झची साइन आणि २३.४ किलोहर्ट्झचा त्रिकोण कम्पॅरेटरला दिला, मॉस्फेटच्या जागी साधे आदर्श स्विच बसवले. फिल्टरनंतर सुरेख साइन उमटली. खऱ्या बॅटरीवर मात्र मॉस्फेट क्षणात फुटले.

गफलत त्या आदर्श स्विचमध्ये होती. ते सांगितल्या क्षणी बंद होतात. मॉस्फेटला गेट रिकामं व्हायला वेळ लागतो. आयआरएफ३२०५चा गेट चार्ज जास्तीत जास्त १४६ नॅनोकूलोम. असे चार समांतर जोडले की ५८४. आयआर२११०ने २ अँपिअरने तो ओढला, तरी जवळपास २९० नॅनोसेकंद जातात, आणि गेटचा रेझिस्टर त्यात भरच घालतो. एक मॉस्फेट बंद करून दुसरा चालू करेपर्यंतची फट, म्हणजे डेड टाइम, ठेवला होता ३०० नॅनोसेकंद! वरचा मॉस्फेट पुरता बंद होण्याआधीच खालचा चालू झाला आणि बॅटरी थेट शॉर्ट झाली. ईजी८०१०वर ५०० नॅनोसेकंद, १ आणि १.५ मायक्रोसेकंद हेही पर्याय आहेत; अशा जोडणीला १ मायक्रोसेकंदापासूनच सुरुवात करावी.

तेव्हा सिम्युलेशनमध्ये उत्पादकाने दिलेलं मॉस्फेटचं मॉडेलच घ्यावं, तेही जितके समांतर लावायचे तितके. टाइम स्टेप ५० नॅनोसेकंदांच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर डेड टाइमची फट आलेखात दिसतच नाही. गणित रेंगाळतं, पण ४० मिलिसेकंदांचं सिम्युलेशन पुरतं. आउटपुटची साइन शेवटी बघावी. आधी मॉस्फेटच्या पुलाच्या (एच-ब्रिजच्या) एकाच बाजूच्या वरच्या आणि खालच्या गेटचे आलेख एकावर एक ठेवून मायक्रोसेकंदापर्यंत मोठे करावेत आणि बॅटरीच्या करंटमध्ये सुळके येतात का ते तपासावं.

वरच्या मॉस्फेटच्या गेटला व्होल्टेज पुरवणारा बूटस्ट्रॅप कपॅसिटरही विसरू नये. पुलाची एक बाजू ५० हर्ट्झवर चालते, म्हणजे तिथला वरचा मॉस्फेट सलग १० मिलिसेकंद चालू राहतो. तेवढ्यात कपॅसिटरचा व्होल्टेज ८च्या आसपास घसरला, तर खरा आयआर२११० गेट बंद करतो. साधं मॉडेल मात्र बिनदिक्कत चालत राहतं.

बोर्ड जोडताना ड्रायव्हरला १२ आणि ५ व्होल्टचा वेगळा सप्लाय द्यावा. मॉस्फेटकडे जाणाऱ्या बॅटरीच्या वायरमध्ये मोटारीचा १२ व्होल्टचा हेडलाइट बल्ब सिरीजमध्ये लावावा. लोड नसताना तो भगभगून पेटला, तर वायर लगेच काढावी आणि पुन्हा गेटचे आलेख उघडावेत.