शिबिरासाठी रेडिओची निवड

गोदावरीला पूर येऊन गंगाखेडाकडे वीज गेली व मोबाइल मुका झाला, तर खबर देणारे साधन रेडिओच. म्हणून शिबिरास जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही हे लिहितो.

इंग्रज संशोधक ट्रेव्हर बेलिस यांनी १९९१ साली किल्लीचा रेडिओ कल्पिला. त्यात गुंडाळलेली स्प्रिंग जनित्र फिरवी. हल्ली हातदांड्याने निर्माण झालेली वीज बॅटरीत साठते. सौरपट्टी लहान असल्यामुळे बॅटरी सावकाश भरते, आणि श्रावणातल्या ढगांत तर तिचा भरवसाच नाही. म्हणून हातदांडा हवाच. घेताना आधीची वीज संपू द्यावी, मिनिटभर दांडा फिरवावा व रेडिओ किती वेळ वाजतो ते घड्याळावर पाहावे. एफ्‌.एम्. बरोबर मध्यम लहरीही असाव्यात. त्या दूरवर पोहोचतात. पालकांनी मात्र महिन्यातून एकदा तो भरून ठेवावा, नाहीतर ऐन पुराच्या रात्री बॅटरी मेलेली आढळावयाची.