तलावाकाठी घर घेताय? आधी बांध पाहा

मावळात डोंगराच्या पायथ्याशी आमचं एक छोटं घर आहे. सेकंड होमचा प्रकल्प. नाल्यावर मातीचा बांध घालून तलाव केलेला आणि त्याच्याभोवती प्लॉट पाडलेले. माहितीपत्रकात तलावाचे फोटो होते, होडीचे होते, बांधाचा एकही नव्हता. खरेदीखतात तलावाची नोंद ‘सुविधा’ म्हणून, क्लबहाउस आणि जॉगिंग ट्रॅकच्या रांगेत. बांध कोणत्या मातीचा आहे, त्याच्या पोटात काय आहे, सांडवा किती पूर सोसेल, याचा एकही कागद सोसायटीच्या हाती आला नाही. क्लबहाउसच्या गळक्या छपरावर सभेत तासन् तास चर्चा व्हायची, बांधाचं नावही निघत नसे. अशा तलावांकाठी घर घेणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांसाठी, हे लिहिते आहे.

बांधाखाली नाल्याच्या कडेने एक वस्ती आहे. तिथले एक बाबा पूर्वी पाटकरी होते; सगळी उमर कालव्याच्या पाण्यामागे गेली. एका एप्रिलमध्ये ते मला बांधाच्या पायथ्याशी घेऊन गेले. आजूबाजूचं रान वाळून पिवळं पडलं होतं आणि तिथे मात्र एक हिरवागार पट्टा, त्यात लव्हाळा माजलेला. “ताई, लव्हाळा पाण्याबिगर येत न्हाई. ह्यो कुठनं पितोय ते बघा,” बाबा म्हणाले. देखभाल पाहणाऱ्यांचं उत्तर तयार होतं: वरच्या लॉनचं पाणी झिरपतं. आम्ही लॉनचे फवारे बंद करायला लावले. लॉन सुकलं, लव्हाळा हिरवाच राहिला. मग बाबांनी खुरप्याने वीतभर खळगा केला. बघता बघता तो तळातून भरला. पाणी नितळ होतं, आणि ते पाहून बाबांच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली.

का, ते नंतर एका निवृत्त पाटबंधारे अभियंत्यांनी समजावलं. मातीच्या बांधातून थोडं पाणी पाझरतंच. ते नितळ असेल आणि तलावाची पातळी तीच असताना वाढत नसेल, तर लक्ष ठेवून राहता येतं. गढूळ पाणी म्हणजे बांधाची माती बाहेर येते आहे. पाण्याची ही वाट पायथ्याकडून पोखरायला लागते आणि आत आत तलावाच्या दिशेने सरकते. ती तलावाला भिडली की हातात फार तर काही तास उरतात. म्हणून पाझराचं पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवावं, सकाळी तळाशी गाळ बसतो का ते पाहावं. पाझर एका जागी वाहत असेल तर बादली भरायला किती वेळ लागतो ते वहीत लिहावं, शेजारी त्या दिवशीची तलावाची पातळीही. ही वही पुढे अभियंत्याला फार उपयोगी पडते.

सोसायटीने बोलावलेला ठेकेदार म्हणाला, ओल्या जागेवर सिमेंट काँक्रीट टाकू, दोन दिवसांत विषय संपेल. बऱ्याच सभासदांना ते पटलं. अभियंत्यांनी मात्र ठाम नकार दिला. खालून तोंड बंद केलं की पाणी थांबत नाही, आतच कोंडतं, दाब वाढतो आणि ते दुसरीकडून अधिक जोराने बाहेर पडतं. पायथ्याला पाणी बाहेर येऊ द्यायचं आणि माती अडवायची. त्यासाठी आधी वाळू, मग बारीक खडी, वर मोठी खडी अशी थरांची गाळणी घालतात. कोणता थर किती जाड, वाळू कसली, हे तिथली माती पाहून जाणकारच ठरवतो. कुठल्याही बांधावर हा सिमेंटचा तोडगा कुणी सुचवला तर काम तिथेच थांबवा.

पण पाझरापेक्षाही मला सांडव्याची भीती वाटते. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागलं की भराव झपाट्याने धुऊन जातो. माथा कोरडा ठेवायचं काम सांडव्याचं. सिंचनाचा तलाव उन्हाळ्याकडे रिकामा होत जातो. करमणुकीचा तलाव लोकांना बारमाही काठोकाठ हवा असतो, म्हणून पुराला सामावून घ्यायला त्यात जागाच उरत नाही. आमच्याकडे जानेवारीनंतर होडी गाळाला लागे, म्हणून सांडव्यावर दीड फूट उंच विटांची भिंत घातली गेली होती. सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून तिच्यावर नायलॉनची जाळी.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये साउथ फोर्क नावाचं जुनं मातीचं धरण होतं. पिट्सबर्गच्या धनिकांच्या मासेमारी-शिकार क्लबने ते विहारासाठी घेतलं. दोन बग्ग्या शेजारून जाव्यात म्हणून माथा खाली घेतला, मासे अडवायला सांडव्यावर जाळ्या बसवल्या. तळातून पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाच्या काळात काढले गेले होते. क्लबने ते पुन्हा बसवले नाहीत. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत जाळ्या कचऱ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेलं आणि खालच्या जॉन्सटाउनसह त्या खोऱ्यात २,२०९ माणसं मेली. आमच्या सांडव्यावरची जाळी पाहिली की मला हे आठवायचं. सभेत मी हे मांडलं होतं, लेखी दिलं होतं. पावसाळ्यानंतर पाहू, असं ठरलं.

जुलैत एका रात्री पावसाने डोंगर धुऊन काढला. जाळीत पालापाचोळा, प्लास्टिक, जलपर्णी अशी अडकली की पाणी जाईना. माथ्याचा एक भाग वाहनांनी दबून खोलगट झाला होता. तिथून पाणी हातभर खाली उरलं. पायथ्याचा पाझर विजेरीच्या उजेडात चहाच्या रंगाचा दिसत होता. बाबांनी आधी वस्ती उठवली आणि सगळ्यांना शाळेत नेलं. त्यानंतरच पोरांनी कमरेला दोर बांधून काठावरून जाळी कापली आणि पहारीने भिंत फोडली. क्रम महत्त्वाचा आहे: कोंडलेलं पाणी सुटलं की ते आधी खालच्या घरांकडेच जातं. बांध टिकला. त्या पोरांनी केलं ते कुणालाही करायला लागू नये, वाहत्या सांडव्यात उतरणं जिवावर बेतणारं आहे. जाळी आणि भिंत मे महिन्यातच निघायला हवी होती.

‘एवढासा तर तलाव’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण छोटंच होतं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसएक माणसं गेली. अमेरिकेत जॉर्जियामधलं केली बार्न्स धरण जेमतेम बारा मीटरच्या आसपास उंच, ६ नोव्हेंबर १९७७ ला मध्यरात्रीनंतर फुटलं आणि खालच्या कॉलेजच्या आवारात ३९ जण मृत्युमुखी पडले. दोन्हीकडे रात्र होती, पाऊस होता. रात्री कोण कुणाला फोन करणार, हे दिवसा ठरवावं लागतं.

आपल्याकडे २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी, आपत्कालीन आराखडा, सगळं त्यात आहे. पण तो १५ मीटरहून उंच धरणांना लागतो, आणि १० ते १५ मीटरमधल्या, लांबी किंवा साठा अशा ठरावीक अटींत बसणाऱ्या धरणांना. आमचा बांध सर्वात खोल जागी आठ मीटरचा. म्हणजे या कायद्याने त्याची तपासणी कुणावर बंधनकारक नाही. म्हणूनच ती मालकाने स्वतःहून करून घेतली पाहिजे, आणि मालक कोण हे खरेदीखत करतानाच वकिलाकडून लिहून घेतलं पाहिजे. बांध सोसायटीकडे येणार असेल तर नकाशे आणि अभियंत्याचा तपासणी अहवाल मिळाल्याशिवाय ताबा घेऊ नका.

बांधावर झाडं लावू नका. गुलमोहर शोभतो, पण वादळात उन्मळला तर भरावाचा लचका घेऊन जातो, आणि मेला तर कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. मोठी झाडं असतीलच तर अभियंत्याला विचारल्याशिवाय उपटू नका. घुशींची आणि खेकड्यांची बिळं दिसावीत म्हणून गवत आखूड ठेवा. नळ किंवा केबल टाकायला माथ्यावर चर खणू देऊ नका. काळ्या मातीला उन्हाळ्यात बारीक भेगा पडतात. पण बांधाला आडवी, तलावाकडून खालच्या बाजूला जाणारी खोल भेग दिसली तर त्याच दिवशी जाणकाराला दाखवा. आणि धोका वाटला म्हणून घाईघाईने तलाव रिकामा करू नका, पाणी झपाट्याने उतरलं तर तलावाकडचा ओला उतार घसरतो. आमच्या अभियंत्यांनी ते सायफनने, टप्प्याटप्प्याने उतरवलं.

आता आमच्या तलावात उन्हाळ्यात होडी चालत नाही. सांडवा मोकळा आहे, माथा पुन्हा सारखा केला आहे, गाळणीतून नितळ पाणी येतं. त्याची नोंद ठेवायला बाबांच्या नातवाला सोसायटीने मानधनावर नेमलं आहे. तुमच्या घराजवळ असा तलाव असेल तर मृग लागण्याआधी एकदा बांधाच्या खालच्या बाजूने चालत जा. पहिली वस्ती लागेल तिथे थांबा, तिथल्या लोकांचे फोन नंबर घ्या, तुमचे द्या, आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक दोन्हीकडे भिंतीवर लिहून ठेवा.