बयाण्याआधी बोला

छत्तीसगडातल्या भिलाईत आयुष्यातलं पहिलं घर विकत घेणारा माणूस पुष्कळदा साठीचा असतो. स्टील प्लांटमध्ये नोकरी लागली की सेक्टरमध्ये क्वार्टर मिळतं. वीज, पाणी, पोरांची शाळा, सेक्टर-9चं हॉस्पिटल, सगळं कारखान्याच्या छत्राखाली. अंगणात आंबा लावायचा, सीताफळ लावायचं आणि घर आपलंच आहे असं समजून तीस-पस्तीस वर्षं काढायची. मग निवृत्ती येते, क्वार्टर सोडायची वेळ येते, आणि पीएफ-ग्रॅच्युइटीची रक्कम घेऊन हा माणूस सुपेला, नेहरूनगर, जुनवानी, कोहका, रिसाली असा घर शोधत फिरू लागतो. भट्टीसमोर उमेदीची वर्षं घालवलेल्या या माणसाने खसरा नंबर कधी पाहिलेला नसतो. त्या दिवसांत त्याला सगळ्यात आधी भेटतो तो दलाल.

माझे वडीलही असेच वर्धा जिल्ह्यातून इथे आले होते. त्यांच्या निवृत्तीनंतर आमचं स्वतःचं घर शोधता शोधता मी या कामात शिरले. आता नवी मुलंमुली येतात आणि विचारतात, "ताई, पार्टी कुठून आणायची?" पार्टी मिळते, तिची काळजी नको. जे कानावर घालायचं आहे ते बयाणा देण्याआधी घातलं की नाही, खरी काळजी याची करायची.

एक काका माझ्याकडे आले होते. प्लांटमधून नुकतेच निवृत्त झालेले, मुलगी हैदराबादला. शहराच्या कडेला एका नव्या वसाहतीत त्यांनी प्लॉट पसंत केला होता, दुसऱ्या कुणाच्या मार्फत. बयाणा देऊन झाला होता, इकरारनामा झाला होता, पण रजिस्ट्रीची तारीख काही ठरत नव्हती. "तुम्ही फक्त रजिस्ट्री लावून द्या," एवढंच त्यांचं म्हणणं. मी बी-1 काढला. खात्यावर पाच जणांची नावं होती: आई, दोन भाऊ आणि लग्न होऊन गेलेल्या दोन बहिणी. सही केली होती ती एकट्या धाकट्या भावाने, नोटरीसमोर केलेल्या मुखत्यारपत्राच्या जोरावर. त्या मुखत्यारपत्रावर बहिणींच्या सह्याच नव्हत्या. वसाहतीला कमान होती, मुरुमाचे रस्ते होते, विजेचे खांबही होते. काकांनी कमान पाहिली आणि पैसे दिले.

पुढे बहिणींनी हरकत घेतली, आणि ती घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. 2005च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की त्यासाठी वडील 2005 मध्ये हयात असण्याची अट नाही. काकांचे पैसे अडकले. फार खेपा घालून थोडे परत आले. ज्याने तो सौदा जुळवला त्याला मी विचारलं, बहिणींचं माहीत नव्हतं का? तो म्हणाला, "माहीत होतं. पण सांगितलं असतं तर पार्टी गेली असती."

हे वाक्य या धंद्यात मी पुन्हा पुन्हा ऐकलं आहे आणि दर वेळी मला त्याचा राग येतो. पार्टी गेली असती, हे खरं आहे. कमिशन गेलं असतं, हेही खरं. पण बयाणा दिल्यावर तेच सत्य दहापट महाग होतं, आणि त्याची किंमत आपण मोजत नाही, काका मोजतात.

म्हणून कागद आधी. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे सातबारा मागतात. इथे त्याच्या जागी बी-1 खतौनी आणि पी-2 खसरा पाहायचा. दोन्ही सरकारच्या भुइयां पोर्टलवर पाहता येतात, सोबत नकाशाही. वसाहतीचं नाव काहीही असो, महसुलाच्या कागदावर जुनं गावच असतं. 1955 साली कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हा हा सगळा परिसर खेड्यांचा होता. कोहका, कुरूद, खम्हरिया ही नावं पटवारी हलक्याच्या दप्तरात आजही तशीच आहेत. तेव्हा गिऱ्हाइकाने "अमुक विहार, प्लॉट नंबर बारा" म्हटलं की आपण विचारायचं: गाव कोणतं, हलका कोणता, खसरा किती आणि त्याचा बटांक, म्हणजे हिश्शाचा वेगळा नंबर, पडला आहे का? बटांकन झालेलं नसेल तर कागदावर मोठ्या शेताचा एक हिस्सा विकत घेतला जातो, पण तो हिस्सा जमिनीवर नेमका कुठे, हे कुणीच सांगू शकत नाही. एकाच कोपऱ्यावर तिघे जण रजिस्ट्री घेऊन उभे राहतात ते असेच. सीमांकन करून घ्या म्हटलं तर विकणारा आठ्या घालतो. घालू द्या.

क्षेत्रफळाचाही गोंधळ होतो. विदर्भातले आर आणि गुंठ्यात बोलतात, इथला शेतकरी डिसमिलमध्ये. एकराचे शंभर डिसमिल, म्हणजे एका डिसमिलला साधारण 435 चौरस फूट. शेतजमिनीचे पाच डिसमिलपेक्षा लहान तुकडे करून रजिस्ट्री करण्यावर बंदी होती, ती 2019 मध्ये उठली आणि 2025 मध्ये भू-राजस्व संहितेच्या दुरुस्तीने पुन्हा आली. मधल्या वर्षांत शहराभोवती शेतांचे किती बारीक तुकडे पडले ते कुठल्याही पटवाऱ्याच्या नकाशावर दिसतं. अशा तुकड्याचं डायवर्सन, म्हणजे शेतीतून बिगरशेती, झालं आहे का, कॉलनीला नगर तथा ग्राम निवेश विभागाची मंजुरी आहे का, हे न पाहता "लवकरच होईल" असं सांगणं म्हणजे स्वतःच्या तोंडाने दुसऱ्याचं वचन देणं. "होईल" हा शब्द मी वापरतच नाही. झालेलं असेल तर कागद दाखवते, नसेल तर नाही म्हणते.

काही जमिनी अशा आहेत की तिथे मी साइट दाखवायलाही जात नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर संहितेच्या कलम 165(6) प्रमाणे कलेक्टरची परवानगी लागते. ती नसताना "नातेवाइकाच्या नावावर घेऊन ठेवू" असा सल्ला देणारे भेटतात. त्यांच्यापासून लांब राहा. गावच्या कोटवाराला सेवेसाठी मिळालेली जमीन, सरकारी पट्ट्याने मिळालेली जमीन, निस्तारात, म्हणजे गावाच्या सामायिक वापरात, लिहिलेली तलावाची, चराईची किंवा मसणवट्याची जागा, या सगळ्यांना पोर्टलवरचा ताजा उतारा पुरत नाही. जुना अधिकार अभिलेख आणि त्याआधीचं मिसल बंदोबस्ताचं दप्तर पाहावं लागतं. भिलाईचा दुर्ग जिल्हा आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, आणि 1956 पर्यंत त्याची राजधानी नागपूर. मालगुजारी 1951 मध्ये संपली. मालगुजाराच्या वेळी जे गावाचं होतं ते पुढे कुणाच्या नावावर कसं चढलं, हा प्रश्न त्या जुन्या पानांवरच सुटतो. तिथे वकिलाची फी गिऱ्हाइकाला जड वाटते. मी सरळ सांगते: काका, स्वयंपाकघराच्या टाइल्सवर जेवढा खर्च कराल त्याच्या पावपट इथे करा.

भिलाईचा खास प्रश्न टाउनशिपचा. "सेक्टरमध्ये घर मिळेल का?" हे मला आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतं, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत ती रुंद रस्त्यांची, झाडांची वस्ती असते. मला ती ओढ कळते, मी तिथेच वाढले आहे. पण टाउनशिपची जमीन कारखान्याची आहे. नोकरीत असताना मिळालेलं क्वार्टर विकता येत नाही. या शतकाच्या सुरुवातीला काही घरं कर्मचाऱ्यांना 33 वर्षांच्या लीजवर दिली गेली. अशा घराचा व्यवहार म्हणजे मालकीची विक्री नव्हे. लीजच्या अटी आणि व्यवस्थापनाची परवानगी पाहिल्याशिवाय तिथे एक रुपयाही देऊ नये. शिवाय मुदतीतली किती वर्षं उरली आहेत हे मोजायला हवं, कारण साठीचा माणूस ते घर मुलांसाठी म्हणून घेतो आहे. आणि कॅम्प, खुर्सीपारकडे स्टॅम्प पेपरवर "कब्जा" विकला जातो, त्याबद्दल तर मी हात जोडून सांगते. नोटरीचा शिक्का म्हणजे रजिस्ट्री नव्हे. मुखत्यारपत्र, इकरारनामा आणि मृत्युपत्राच्या त्रिकुटाने स्थावर मिळकतीची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

घरबांधणी प्रकल्पांच्या रेरा कायद्याबद्दल नव्या लोकांचा समज अर्धवट असतो. प्रकल्पाची जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा घरं आठापर्यंत असतील तर सूट आहे, एरवी बिल्डरने नोंदणी करायची, आणि त्यातलं घर किंवा प्लॉट विकून द्यायचा तर दलालानेही. दलालाने नोंदणीशिवाय काम केलं तर दिवसाला 10,000 रुपये दंड, तो मिळकतीच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर नोंदणीकृत दलालानेही विकायचं नाही. महाराष्ट्रात महारेराने 2023 पासून दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली. ज्यांना हे काम मन लावून करायचं आहे त्यांनी तो अभ्यासक्रम मिळवून वाचावा, आपल्याकडे सक्ती असो वा नसो. बिल्डरला करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे एक कलम जरी पाठ असलं तरी एखाद्याची जन्माची पुंजी वाचते.

रोखीचं बोलायलाच हवं. सरकारी गाइडलाइन दर आणि बाजारभाव यांतला फरक रोख द्यायचा, असा आग्रह बहुतेक सौद्यांत एका तरी बाजूने होतो. स्थावराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो. देणाऱ्याचंही नुकसान होतं: सौदा मोडला तर त्या रोखीचा पुरावा नाही, पुढे घर विकताना खरेदीची किंमत कागदावर कमी दिसते, आणि बँक कर्ज देते ते कागदावरच्या किमतीवर. एवढं समजावूनही ज्याला रोखच हवी, त्याचं पाकीट मी हातात धरत नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नुसतं सरकवायचं असलं तरी नाही.

आता आपल्या पोटाचा प्रश्न. कमिशन किती, हे रेराच्या कायद्यात ठरवलेलं नाही. चालीप्रमाणे एक टक्का, कुठे दोन. साइट दाखवायला निघण्याआधी ते कागदावर किंवा निदान मोबाइलच्या संदेशात लिहून घ्या, दोन्ही बाजूंचं, कधी द्यायचं त्यासकट. मे महिन्यातल्या उन्हात महिनाभर स्कूटीवर घरं दाखवावीत आणि पार्टीने मालकाला परस्पर गाठून रजिस्ट्री उरकावी, हे माझ्याही वाट्याला आलं आहे, आणि ते नात्यातल्या माणसांकडून आलं तेव्हा जास्त लागलं. लिहिलेलं असलं की भांडावं लागत नाही. दोन्हीकडून कमिशन घेत असाल तर तेही दोघांना आधी सांगा. लपवलेलं कमिशन बाहेर आलं की तुम्ही सांगितलेल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. आणि दर सौद्यातला थोडा भाग बाजूला काढा, कारण सलग चार महिने कोरडे जातात आणि घरभाडं तुमचंही थकतं.

या कामात येणाऱ्या मुलींना वेगळं सांगते. कुलूपबंद रिकामं घर अनोळखी माणसाला दाखवायला एकटीने जायचं नाही. पहिली भेट दुकानात किंवा सिव्हिक सेंटरला, चारचौघांत. ओळखपत्राचा फोटो घरी पाठवायचा. घर दाखवताना दार सताड उघडं आणि आपण दाराकडे. यावर कुणी "दीदी, इतका अविश्वास?" म्हणालं तर म्हणू द्यावं. भला माणूस रागावत नाही.

भाड्याच्या घरात पैसे थोडे आणि प्रश्न पुष्कळ. कोचिंगची मुलं, आयआयटीत आलेली कुटुंबं, प्लांटचे ठेकेदार. मालक जात विचारतो, धर्म विचारतो, काय खाता ते विचारतो. मी मालकाला सांगते की भाडं वेळेवर येईल का, घर नीट राहील का, हे विचारा, त्याची उत्तरं मी आणून देते. बाकीच्या प्रश्नांचा निरोप पोचवणं माझं काम नाही. त्यामुळे काही घरं माझ्या यादीतून गेली. भाडेकरूची पोलिसांकडची नोंद आणि लेखी करार मात्र कुणालाही माफ नाही.

इतकं करूनही कधी बयाणा दिल्यावर दोष सापडतो. बँकेचा बोजा निघतो, एखादा वारस नव्याने कळतो, जमीन नव्या रस्त्याच्या संपादनात गेल्याचं उशिरा समजतं. त्या वेळी रात्र मध्ये जाऊ देऊ नका. त्याच दिवशी घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला, दोघांना एकाच वेळी, लेखी कळवा. काय सापडलं, कोणत्या कागदावर, ते नक्कल जोडून. तोंडी सांगितलेलं चार दिवसांनी "तुम्ही तर म्हणाला नव्हता" होतं. स्वतःचं कमिशन घेतलं असेल तर ते त्याच दिवशी परत करा, म्हणजे बयाणा परत मागताना तुमचा आवाज दबत नाही. यासाठीच इकरारनाम्यात आधीपासून एक ओळ घालून घ्यायची: मालकीत दोष निघाल्यास बयाणा अमुक दिवसांत पूर्ण परत. ही ओळ घालायला नकार देणारा विकणारा मला आजवर दोन प्रकारचा दिसला आहे. एकाला वाचायचा कंटाळा असतो. त्याला समजावलं की तो सही करतो. दुसऱ्याला आपल्या कागदात काय आहे ते पक्कं माहीत असतं.