हाडांचा जमाखर्च

ताळेबंदाच्या पानांशेजारी हाडांविषयीचा लेख पाहून देणगीदारांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकाशी त्याचा संबंध बिले व पावत्या यांपुरताच. तथापि कचेरीच्या खिडकीशी येणारे नातेवाईक वारंवार एकच प्रश्न विचारतात, "साहेब, नुसता पाय घसरला, तेवढ्याने हाड मोडते कसे?" आमच्या डॉक्टरांकडून या प्रश्नाचे जे उत्तर समजावून घेतले, ते येथे मांडीत आहे.

जिवंत हाड दगडासारखे कोरडे नसते. त्याला रक्तपुरवठा असतो, आणि मोडले तर ते पुन्हा जुळते. त्याच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या क्षारांचा असून उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचे तंतू असतात. क्षारांमुळे कठीणपणा येतो, तंतूंमुळे चिवटपणा. कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे. क्षार विरघळून ते चक्क वाकू लागते. बाहेरचा थर दाट, आतला जाळीदार. दाट थरातून रक्तवाहिन्या नेणाऱ्या सूक्ष्म नलिकांचे वर्णन इंग्लंडमधील क्लॉप्टन हॅवर्स यांनी १६९१ साली केले. त्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. हाडांच्या पोकळीतील लाल मज्जेत रक्तपेशी तयार होतात, हेही जाता जाता नमूद करतो.

खरी मौज पेशींची आहे. एका जातीच्या पेशी आम्ल सोडून जुने हाड विरघळवितात. यांस पाडकाम करणारी टोळी म्हणावे. दुसऱ्या जातीच्या पेशी गवंड्यांप्रमाणे त्या जागी नवे हाड रचतात. रचता रचता काही गवंडी भिंतीतच बंदिस्त होतात व पुढे अनेक वर्षे तेथेच राहून कोठे किती भार पडतो याची वर्दी देतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी असा नवा होतो. मात्र एखाद्या जागेचे पाडकाम काही आठवड्यांत उरकते, भरून काढण्यास काही महिने लागतात. हिशेबनिसास यातील धोका लगेच कळतो.

शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. रक्तात असते ते अगदी थोडे, पण हृदय व स्नायू त्यावरच चालतात. रक्तातील रोकड कमी पडली की गळ्यातील चार लहान ग्रंथी हाडांच्या ठेवीतून उचल करावयास लावतात. ठेव साधारण तिशीपर्यंत वाढते, पुढे हळूहळू घटते. स्त्रियांची पाळी थांबल्यावर पाडकाम करणाऱ्या टोळीवरील अंकुश सैल होतो व ठेव झपाट्याने उतरते. यात दुखत काहीच नाही, म्हणून घरात कोणाला पत्ता लागत नाही.

काही वर्षांपूर्वी एका आजींचे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, बिल चुकते झाले, मी फाईल बंद केली. पुढे त्याच आजी न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडून दाखल झाल्या. त्यानंतर त्या कधी आधाराविना चालल्या नाहीत. पहिले मनगट हीच सूचना होती, असे डॉक्टरांनी मला शांतपणे सांगितले. उभ्या उंचीवरून पडून मोडलेले हाड म्हणजे ठेव आटल्याची खूण असते. तेव्हाच घनता तपासून औषधे सुरू केली असती तर दुसरा प्रसंग टळण्याची शक्यता बरीच होती.

तेव्हापासून पन्नाशीपुढील अशा प्रत्येक रुग्णाच्या घरी जाण्याच्या कागदावर ‘हाडांची घनता तपासावी’ असा लाल शिक्का मारला जातो, आणि तो नातेवाइकांना वाचून दाखविल्याखेरीज मी अंतिम बिलावर सही करीत नाही. शिक्क्याचा खर्च छपाई व लेखनसामग्री या खाती दाखविला आहे.