सर्वांत नम्र माणूस आणि मरीबाचा खडक

आजचं वाचन: गणना १२:१-१६, गणना २०:१-१३, मत्तय ५:५



आज जे लिहितोय ते मी तीन आठवडे टाळत होतो, कारण त्याची सुरुवात माझ्याच चुकीपासून होते. आमच्या भंडाऱ्याच्या मंडळीत छताच्या दुरुस्तीसाठी वर्गणी जमा झाली होती. पावसाळा तोंडावर आला तरी कामाचा पत्ता नव्हता. मी नागपूरला नोकरीला असतो, शनिवारी घरी येतो. एका शुक्रवारी ऑफिसातला घोळ निस्तरून रात्री अकरा वाजता रूमवर पोहोचलो आणि मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाईप केलं: "छताच्या पैशांचा हिशोब कधी मिळणार? की तोही छतासारखाच गळतोय?"

त्या शेवटच्या वाक्याचा मला तेव्हा चक्क अभिमान वाटला होता. सात-आठ जणांनी लगेच हसणारे चेहरे टाकले.

पाळकांनी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. रविवारी उपदेशात टोमणा मारला नाही. (मी वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू.) संध्याकाळी ते आमच्या घरी आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत वही आणि पावत्या. आई म्हणाली, "एवढ्यासाठी तुम्ही कशाला आले जी?" ते खुर्चीवर बसले, वही माझ्यासमोर उघडली आणि म्हणाले, "बाळा, तुझा प्रश्न बरोबर आहे. हिशोब आधीच द्यायला पाहिजे होता. उशीर झाला, ही माझी चूक." मग एकेक पान. मिस्त्री आगाऊ पैसे घेऊन दुसऱ्या कामावर गेला होता, त्याच्या घरी ते चार वेळा जाऊन आले होते. पुढच्या रविवारी तोच हिशोब नोटीस बोर्डावर लागला.

त्या गळतीच्या वाक्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. आजपर्यंत नाही.

आता कुणी म्हणेल, स्वभावच शांत असेल. तर नाही. याच पाळकांना मी गेल्या वर्षी वडिलांच्या सभेत आवाज चढवताना पाहिलंय. मंडळीतल्या एका ताईला नवरा दारू पिऊन मारायचा, आणि दोघा-तिघांचं म्हणणं होतं की घरातली गोष्ट घरात मिटवावी. पाळक उभे राहिले, टेबलावर हात आपटला आणि त्याच दुपारी त्या ताईसोबत पोलीस ठाण्यात गेले. म्हणजे राग आहे, आवाजही आहे. मग माझ्या बाबतीत तो कुठे गेला? या प्रश्नाने मला गणनेच्या बाराव्या अध्यायाकडे नेलं.

तिथे मिर्याम आणि अहरोन मोशेविरुद्ध बोलू लागतात. निमित्त त्याच्या कूशी बायकोचं, पण पोटातलं दुखणं दुसऱ्याच वचनात बाहेर येतं: देव काय फक्त याच्याशीच बोलतो? आणि लगेच तिसऱ्या वचनात शास्त्र सांगतं की पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांत मोशे अतिशय नम्र होता. जागा लक्षात घ्या. हे वाक्य लाल समुद्राजवळ आलेलं नाही, सीनाय डोंगरावरही नाही. सख्ख्या बहीणभावाने त्याच्या घरावर आणि त्याच्या सेवेवर बोट ठेवलं, तिथे आलंय. या पूर्ण अध्यायात मोशे एकदाच तोंड उघडतो, तेही देवासमोर: मिर्यामला बरं कर. मूळ हिब्रूत ही प्रार्थना फक्त पाच शब्दांची आहे. स्वतःच्या बचावासाठी एकही शब्द नाही. आणि मिर्याम सात दिवस छावणीबाहेर होती, तोवर लोकांनी तळ हलवला नाही.

पण हाच मोशे तरुणपणी मिसऱ्याला मारून वाळूत पुरतो. मिद्यानात मेंढपाळ मुलींना विहिरीवरून हुसकावतात, तेव्हा एकटा उभा राहतो. सोन्याचं वासरू पाहून पाट्या फोडतो. हा काही मऊ माणूस नाही. त्याच्या गोष्टी एकापाठोपाठ एक वाचल्या तर एक बाब दिसू लागते. दुसऱ्यावर अन्याय झाला किंवा देवाचा मान गेला की मोशे उठतो. आघात स्वतःवर असला की तोंडावर पडून देवाला सांगतो. सौम्यतेचा अर्थ मला इथे कळला: आपल्या स्वतःच्या मानासाठी लढण्याचा हक्क देवाच्या हाती देणं. दुसऱ्यासाठी लढण्याचा हक्क देणं नव्हे, तो आपल्याकडेच राहतो. म्हणून मार खाणाऱ्या बाईला "सौम्य राहा, सहन कर" असा उपदेश करणाऱ्याने हा शब्द शास्त्रातून उचललेला नाही, स्वतःच्या सोयीतून उचललाय.

आता विसावा अध्याय. खरं सांगायचं तर हा मला आधी नीट कळलाच नव्हता.

पहिल्याच वचनात मिर्याम मरते. शोक केल्याचा उल्लेख नाही. दुसऱ्याच वचनात पाणी नाही म्हणून लोक अंगावर येतात. ज्या बहिणीने टोपलीतल्या बाळावर नदीकाठी नजर ठेवली होती, तिला पुरून हा म्हातारा उभा आहे आणि समोर तीच जुनी कटकट. देव म्हणतो, खडकाशी बोल. मोशे लोकांशी बोलतो, त्यांना बंडखोर म्हणतो, आम्ही तुमच्यासाठी या खडकातून पाणी काढायचं का असं विचारतो, आणि काठी दोनदा मारतो.

आणि पाणी येतं! भरपूर येतं. लोक पितात, जनावरं पितात.

पाळकांनी आणि आपण सगळ्यांनी, म्हणजे जे तरुण संघ चालवतात, उपासनेत गाणी घेतात, घरगुती प्रार्थनासभा सांभाळतात त्यांनी, इथे जरा थांबायला हवं. राग लोकांवर काढला तरी पाणी आलं. मंडळी तृप्त होऊन घरी गेली असेल, काही जण म्हणालेही असतील, आज मोशे काय जोरात बोलला! फळ आलं म्हणजे देवाला रीत पसंत पडली असं आपण धरून चालतो. माझ्या कामातही असंच होतं. कोड चालला की तो कसा लिहिलाय हे कुणी विचारत नाही. मरीबाला देवाने विचारलं. तू आणि अहरोन या लोकांना त्या देशात नेणार नाही, असं तिथेच ठरलं. मोशेचं नेमकं काय चुकलं यावर टीकाकारांची मतं वेगवेगळी आहेत. शास्त्र अविश्वासाचं नाव घेतं, आणि स्तोत्र १०६:३३ म्हणतं की तो ओठांनी अविचाराने बोलला. मला दोन्ही एकच वाटतात. देव माझा मान सांभाळेल यावरचा विश्वास ढळला की जीभ सुटते.

आता मत्तय ५:५ उघडा. येशू इथे स्तोत्र ३७:११ च्या शब्दांत बोलतोय. आपल्या मराठी शास्त्रात सौम्य लोकांना काय मिळतं? पृथ्वीचं वतन. वतन हा शब्द आपल्या मातीतला आहे. पाटलाला, कुलकर्ण्याला वतन होतं. ते वरून मिळायचं आणि पुढच्या पिढीकडे जायचं. हिसकावून घेतलं तर त्याला वतन म्हणत नाहीत. आणि त्या स्तोत्रातल्या हिब्रू शब्दाचे पृथ्वी आणि देश असे दोन्ही अर्थ होतात. सौम्य लोक देशाचे वारस होतील. पृथ्वीवरचा सर्वांत नम्र माणूस जिथे एकदाच नम्रता सोडून बोलला, तिथेच त्याचा देश हुकला. हे जुळताना मी नागपूरहून घरी येणाऱ्या गाडीत होतो, आणि भंडारा रोडला उतरायचं जवळजवळ विसरलो.

या रेल्वेमार्गाची आपल्या मराठी मंडळीला एक वेगळी आठवण आहे. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक याच मार्गाने नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीतल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. टिळकांना ते पटलं नाही, पण वाचायचं कबूल केलं. शंका येईल तिथे पेन्सिलने खुणा करत ते वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, म्हणजे याच पाचव्या अध्यायापाशी. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळक मुळात तापट. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना हे सांगायला नको. नसेल वाचलं तर या सुट्टीत वाचा, शास्त्राखालोखाल मराठी ख्रिस्ती माणसाने वाचायचं पुस्तक आहे ते. सौम्यतेवरचं प्रवचन त्या तापट माणसाच्या काळजात गेलं, पण म्हणून स्वभाव एका रात्रीत बदलला नाही. बदल दिसतो तो दुसरीकडे. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं पतीपत्नी वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं काही काळ पाळलं. त्या काळात नवऱ्याचा शब्द म्हणजे कायदा, आणि हा तर चिडका नवरा. हुकूम सोडला असता तर कोण अडवणार होतं? पण त्या ख्रिस्ताकडे आल्या त्या आपल्या पायांनी, आपल्या विचाराने. पाळकाच्या घरातली सौम्यता आधी घरातल्या माणसाला वेळ देण्यात दिसते, व्यासपीठावर नंतर.

जवळच्या काळातलं उदाहरण वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं. २०२४ मध्ये ते प्रभूकडे गेले. 'हरित वसई'च्या चळवळीत जमिनी आणि पाणी वाचवण्यासाठी ते बलाढ्य लोकांसमोर उभे राहिले. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली, तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला, धमक्या आल्या. ते शांतपणे गेले आणि मराठीत आपलं भाषण केलं. वसईच्या विहिरींसाठी भांडणारा माणूस स्वतःवरच्या टीकेत शांत होता. मोशेचाच नमुना.

मग पाळकांनी नेमकं काय करायचं? मी पाळक नाही, त्यामुळे जपून लिहितो.

हिशोब विचारण्याआधी द्यावा. सौम्यता म्हणजे गप्प बसणं असं मानून पैशांबद्दल गप्प राहणारे सेवक आपण पाहिलेत. कोरहाच्या बंडात मोशे चिडला होता (गणना १६:१५), पण तो देवाला काय सांगतो बघा: मी यांचं एक गाढवसुद्धा घेतलं नाही. वही स्वच्छ होती म्हणून तोंडावर पडता आलं. वही अस्वच्छ असताना शांत राहणं याला वेगळं नाव आहे.

व्यक्तिगत दुखणं उपदेशात आणू नये. व्यासपीठावर उत्तर देणाऱ्याला समोरून उत्तर देता येत नाही, म्हणून ती लढाई आधीच असमान असते. २ तीमथ्य २:२४-२५ मध्ये पौल विरोधकांना सौम्यतेने शिकवायला सांगतो. शिकवणं सोडायला सांगत नाही. माझ्या पाळकांनी घरी येऊन जे केलं ते हेच.

आणि थकलेल्या माणसाने एकट्याने खडकासमोर उभं राहू नये. आपल्या भंडाऱ्यात जुने मालगुजारी तलाव आहेत, कोहळी लोकांनी बांधलेले. तलावाला पाळ असते, तसाच सांडवाही असतो. सांडवा नसेल तर कितीही भक्कम पाळ एका मोठ्या पावसात फुटते. गणना ११ मध्ये मोशेचा सांडवा दिसतो: हा भार मला झेपत नाही, त्यापेक्षा मारून टाक, असं तो देवाला तोंडावर सांगतो. देव रागावत नाही, सत्तर वडील देतो. विसाव्या अध्यायात ते सत्तर कुठे आहेत? शास्त्र सांगत नाही. आपल्या पाळकांचा आठवडा बघा: दोन अंत्यविधी, तीन गावांतल्या सभा, दवाखान्यातल्या भेटी, आणि शुक्रवारी रात्री अकरा वाजता माझ्यासारख्याचा मेसेज. त्यांच्या घरी मयत झाली तर पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणी उपदेश करावा, एवढं तर मंडळीला ठरवता येईल. मी हे आमच्या वडिलांच्या सभेकडे लेखी दिलंय.

शेवटी गणना २७:१२-२३. देव मोशेला डोंगरावरून देश दाखवतो आणि सांगतो, तू आत जाणार नाहीस, मरीबामुळे. अनुवाद ३ मध्ये दिसतं की त्याने विनवणी केली होती आणि देवाने पुरे म्हटलं होतं. पण इथे तो स्वतःबद्दल काहीच मागत नाही. म्हणतो, या लोकांवर कुणीतरी नेम, म्हणजे ते मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे होणार नाहीत. आणि मग सगळ्यांसमोर यहोशवावर हात ठेवतो, जो त्या देशात जाणार आहे.

मी परवा ग्रुपवर माफी मागितली. जिथे बोललो होतो तिथेच. पाळकांनी खाली एवढंच लिहिलं: "बाळा, रविवारी शिडी धरायला ये. पत्रे आले आहेत."

उद्याचं वाचन: गणना २७:१२-२३, पुन्हा एकदा, सावकाश.