यीस्ट मेलं, पण डोनट फुगले!

दरवर्षी या मराठी विभागात पावसावर चार कविता, मैत्रीवर तीन आणि मोबाईलच्या दुष्परिणामांवर एक लेख येतो. संपादक मंडळाने "काहीतरी अभ्यासपूर्ण लिही" असं सांगितल्यावर मी बराच विचार केला. माझा अभ्यास किती पूर्ण असतो हे आमच्या डिपार्टमेंटला माहीतच आहे! पण पहिल्या वर्षी अप्लाइड केमिस्ट्रीत जे डोक्यावरून गेलं ते गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत एका दुपारी स्वयंपाकघरात डोक्यात शिरलं. म्हणून हा लेख. विषय: यीस्ट न वापरता, न तळता, घरी भाजलेले डोनट.

रेक्टर सर, तुम्ही हे वाचत असाल तर खोलीत हीटर किंवा शेगडी वापरा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. हा प्रयोग सुट्टीत घरी जाऊन करायचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं घर नाशिकला. बाबांची कंपनी बंद पडली आणि आईने घरी केक, नानकटाई करून विकायला सुरुवात केली. हप्त्यावर एक ओव्हन घेतला. सुरुवातीला शेजारपाजारचे अर्ध्या किलोचे केक असायचे. मग डिसेंबरात पहिली मोठी ऑर्डर आली. मागच्या गल्लीतल्या एका काकूंच्या मुलाचा वाढदिवस होता, तीन डझन डोनट हवे होते, रविवारी संध्याकाळी सहाला. अ‍ॅडव्हान्स मिळाला होता आणि त्याच पैशातून ओव्हनचा हप्ता गेलाही होता.

रविवारी सकाळी मी मदतीला उभा राहिलो. यीस्ट पाण्यात भिजवायचं काम माझ्याकडे आलं. आई म्हणाली, "अरे, विरजण लावताना दूध जेवढं कोमट असतं ना, तेवढंच पाणी घे. बोट घालून बघ." मी म्हटलं, "आई, दहा अंशांनी तापमान वाढवलं की रिअ‍ॅक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो. बाहेर एवढी थंडी आहे, जरा गरमच बरं." आणि पातेल्यातलं कढत पाणी सरळ ओतलं.

इथेच माझं इंजिनिअरिंग फसलं. तो नियम बाटलीतल्या रसायनांसाठी ठीक आहे, पण यीस्ट हा जिवंत प्राणी! म्हणजे प्राणी नव्हे, एकपेशीय बुरशी. पिठातली साखर खाऊन ती कार्बन डायऑक्साइड आणि थोडं अल्कोहोल तयार करते आणि त्या वायूने पीठ फुगतं. तिला २५ ते ३५ अंश सेल्सिअस मानवतं. ५५-६० अंशांच्या पुढे ती मरते. माझं पाणी त्याच्याही वर होतं. साडेअकराला झाकण उघडलं तर मैद्याचा गोळा जसा ठेवला तसाच, एखाद्या बॅकबेंचरसारखा निवांत पडलेला. घरात दुसरं यीस्ट नव्हतं. कोपऱ्यावरचं दुकान रविवारी दुपारी बंद. तेवढ्यासाठी गावात जाऊन यायचं, पुन्हा मळायचं, पुन्हा दोन तास फुगवायचं... सहाचं गणित बसत नव्हतं.

आई मला एक शब्दही बोलली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. तिने फोन उचलला आणि काकूंना सांगितलं, "वहिनी, आज तळलेले डोनट होणार नाहीत. भाजलेले, केकसारखे करून देते. चालणार नसेल तर आत्ताच सांगा, पैसे परत करते." परत करायला पैसे नव्हतेच, हे मला माहीत होतं. पलीकडे जरा शांतता. मग उत्तर आलं, "बरं, पण घेण्याआधी मी एक खाऊन बघेन."

आता खरी परीक्षा होती.

यीस्टशिवाय फुगतं कसं?

यात नवीन काही नाही. आपला झटपट ढोकळा यीस्टवर फुगत नाही, सोड्यावर फुगतो. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आम्ल भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. बेकिंग पावडर म्हणजे हाच सोडा, सोबत कोरडं आम्ल आणि ओलावा शोषून दोघांना लांब ठेवणारा मक्याचा स्टार्च. डबा कोरडा असेपर्यंत दोघं गप्प, पाणी लागलं की भांडण सुरू!

ही पावडर बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड या रसायनतज्ज्ञाने १८४३ साली बनवली. कारण काय, तर त्याच्या बायकोला यीस्ट आणि अंडी सोसत नव्हती. पुढे हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफोर्ड यांनी १८५६ साली कॅल्शियम फॉस्फेटच्या आम्लाचं पेटंट घेतलं आणि आजच्या पावडरचा पाया घातला गेला. हल्ली बहुतेक पावडरी 'डबल अ‍ॅक्टिंग' असतात. थोडा वायू कालवताना सुटतो, उरलेला ओव्हनच्या उष्णतेने.

माझी दुसरी चूक

हे सगळं मला तेव्हा नीट ठाऊक असतं तर लेख इथेच संपला असता. मी समजत होतो की बेकिंग सोडा आणि बेकिंग पावडर एकच. आईचा डबा शोधण्याऐवजी मी २०० ग्रॅम दह्यात सपाट एक चमचा खायचा सोडा टाकला. पहिली चाचणी झकास फुगली, रंगही बदामी आला. आईने तुकडा तोंडात घातला आणि बेसिनकडे गेली. चव साबणाची!

मग मी वही काढली. दह्यात साधारण ०.९ टक्के लॅक्टिक आम्ल धरलं तर २०० ग्रॅममध्ये १.८ ग्रॅम. लॅक्टिक आम्लाचा रेणुभार ९०, म्हणजे ०.०२ मोल. एक मोल आम्लाला एक मोल सोडा. सोड्याचा रेणुभार ८४. म्हणजे दह्याला पुरेल एवढा सोडा फक्त १.७ ग्रॅम. आणि मी घातला होता ५ ग्रॅम! उरलेल्या सव्वातीन ग्रॅमला आम्ल मिळालं नाही. तो ओव्हनमध्ये तापून सोडियम कार्बोनेट झाला, म्हणजे चक्क धुण्याचा सोडा. साबणाची चव उगाच नव्हती. शिवाय आम्लाशिवाय नुसता तापवला तर सोडा वायूही निम्माच देतो.

निष्कर्ष: पाव चमचा सोडा (सुमारे १.२ ग्रॅम) दह्यासाठी, आणि बाकीचं काम बेकिंग पावडरकडे. दोन चमचे, म्हणजे सुमारे ८ ग्रॅम पावडरमधून वजनाच्या १२ टक्के वायू धरला तरी जवळजवळ अर्धा लिटर होतो. एक डझन डोनटना पुष्कळ झाला. एवढं सोपं गणित मला परीक्षेत कधी सुटलं नव्हतं!

कृती (एक डझनासाठी)

मैदा २५० ग्रॅम, पिठीसाखर १२० ग्रॅम, बेकिंग पावडर २ छोटे चमचे, खायचा सोडा पाव चमचा, मीठ पाव चमचा, चिमूटभर जायफळ. हे सगळं दोनदा चाळून घ्या. चाळण्याचा कंटाळा केला तर सोड्याची गुठळी एकाच डोनटमध्ये जाते, आणि तो नेमका पाहुण्याच्या ताटात पडतो.

दुसऱ्या भांड्यात ताजं दही २०० ग्रॅम, दूध १०० मिली, तेल किंवा वितळलेलं लोणी ६० मिली, व्हॅनिला इसेन्स एक चमचा. दही आणि दूध फ्रीजमधून आधी काढून ठेवा. हे चांगलं फेटा.

आता ओव्हन १८० अंशांवर तापायला लावा, आणि तो तापल्यावरच कोरडं आणि ओलं एकत्र करा. वीस-पंचवीस हात फिरवले की थांबा. लहानसहान गुठळ्या राहिल्या तरी चालतील. पोळीची कणीक आपण मळमळ मळतो कारण तिथे ग्लुटेनची जाळी हवी असते. यीस्टच्या डोनटलाही ती लागते, कारण तास-दोन तास वायू धरून ठेवायचा असतो. इथे वायू मिनिटांत येतो. जास्त घोटलं तर जाळी घट्ट होते आणि डोनट चिवट होतात. आणि पीठ कालवून फोनवर गप्पा मारत बसू नका, वायू उडून जातो.

डोनटचा साचा आमच्याकडे नव्हता. आईने कपकेकच्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्यांना तूप लावलं आणि प्रत्येकीच्या मधोमध फॉईलची, बोटाएवढी जाड सुरळी उभी केली. तिलाही तूप. धुऊन कोरडी केलेली दुधाची पिशवी घ्यायची, पीठ भरायचं, कोपरा कापायचा आणि मेंदीच्या कोनासारखं सुरळीभोवती गोल सोडायचं. वाटी दोन तृतीयांशच भरा. १२ ते १५ मिनिटं भाजा. काडी टोचून कोरडी आली की झालं. पाच मिनिटांनी वाटी उपडी करा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं तापवा, मग वाट्या ठेवून मध्यम-मंद आचेवर अठरा-वीस मिनिटं. वरून रंग कमी येतो, बाकी झक्कास.

गरम असतानाच वरून लोणी लावून दालचिनी घातलेल्या पिठीसाखरेत घोळवा. किंवा गार झाल्यावर पिठीसाखर आणि चमचाभर दुधाचं दाट मिश्रण करून त्यात बुडवा.

बेकिंग पावडर जुनी असेल तर आधी चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फसफसली तर वापरा, नाहीतर फेका. सोड्यावर लिंबू पिळून बघा.

ते भोक कशाला?

हा प्रश्न व्हायव्हाला विचारण्यासारखा आहे. हॅन्सन ग्रेगरी नावाचा एक अमेरिकन खलाशी सांगायचा की १८४७ साली जहाजावर हे भोक मीच पाडलं, कारण डोनटचा मधला भाग कच्चा राहायचा. दावा खरा असो नसो, कारण शंभर टक्के बरोबर आहे. पदार्थात उष्णता आत शिरायला लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी निम्मी केली की वेळ पाव. मध्ये भोक पाडलं की कुठलाही कण पृष्ठभागापासून फार लांब राहत नाही. आपल्या मेदूवड्याला हे कुणी हीट ट्रान्सफरच्या पुस्तकातून शिकवलं नव्हतं!

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. भाजलेला डोनट तळलेल्यासारखा लागत नाही. तेल गरम हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता देतं, म्हणून तळल्यावर येतो तसा पापुद्रा ओव्हनमध्ये येत नाही. यीस्टचा लुसलुशीत ताणही नसतो. हा मऊ, केकच्या जातीचा डोनट. त्याला तसंच म्हणून खावं.

पुढे काय झालं?

साडेपाचला तीन डझन डोनट डब्यात होते. मी आणि आई डबे घेऊन गेलो. काकूंनी दारातच एक उचलला, अर्धा मोडला, खाल्ला. मी तेवढ्या वेळात वायव्हासारखा घामाघूम. त्या म्हणाल्या, "हा डोनट कमी आणि केक जास्त आहे हो." आई म्हणाली, "म्हणूनच आधी सांगितलं, वहिनी. तुम्ही ठरलेल्यापेक्षा कमी द्या." काकूंनी उरलेला अर्धा खाल्ला आणि म्हणाल्या, "सांगितलंत म्हणूनच पूर्ण देते." आतून मुलांचा आरडाओरडा येत होता. डबे आत गेले.

घरी येताना आई पहिल्यांदा त्या विषयावर बोलली. "तुझं ते गणित चांगलं होतं रे. पण पुढच्या वेळी आधी बोट घालून बघ."

सुट्टी संपवून परत यायच्या दिवशी मी तिची पाककृतींची वही सहज चाळली. नव्या पानावर डोनटचं प्रमाण लिहिलं होतं आणि खाली दोनदा अधोरेखित केलं होतं: 'सोडा पावच चमचा'. त्याच्या शेजारी माझे मोल आणि रेणुभार तिने जसेच्या तसे उतरवून घेतले होते. का, ते मी विचारलं नाही.

तर मंडळी, या सुट्टीत घरी गेलात की करून बघा. आणि येताना डबा भरून आणा, बी ब्लॉकमध्ये माझी खोली कुणीही दाखवेल!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी