लेकरांना भेट द्यावी ती अडीअडचणीला कामी येणारी

वस्तीत एखाद्या लेकराचा वाढदिवस असला की संध्याकाळी केक येतो, फुगे लागतात आणि आत्या-मामा, शेजारी-पाजारी काहीतरी हातात घेऊनच येतात. चावीची मोटार, बोलणारी बाहुली, प्लास्टिकची बंदूक. आठ दिवसांत मोटारीचे चाक निघते, बाहुलीचा आवाज बसतो आणि कुणाच्या तरी रोजंदारीतून आलेले शंभर-दोनशे रुपये कचऱ्यात जातात. लेकरांनी खेळूच नये असे आमचे म्हणणे नाही, खेळ हवाच. पण वर्षातून एखादी भेट तरी अशी असावी, की जी अंधारात, पाण्यात, उन्हात किंवा आजारपणात त्या लेकराच्या कामी येईल.

ही तयारी कशासाठी?

आपल्या जिल्ह्याला संकटे नवी नाहीत. 2024 च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांत पाऊस असा कोसळला की नदी-नाल्यांचे पाणी शेतांत आणि घरांत शिरले. त्याच वर्षी 21 मार्च आणि 10 जुलैला सकाळी, हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले 4.5 तीव्रतेचे भूकंपाचे धक्के परभणीतही जाणवले. घरातल्या वडीलधाऱ्यांना 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट आठवते. उन्हाळ्यात पारा 44 अंशांवर जातो, मृगाच्या तोंडावर विजा पडतात आणि पावसाळाभर साप-विंचवांचे भय असते. आपली बरीचशी घरे पत्र्याची, नाल्याकाठची किंवा वावरातल्या आखाड्यावरची आहेत. संकट येते तेव्हा ते आपल्या दारात आधी येते.

भेट घेण्याआधी तीन प्रश्न

पहिला : ही वस्तू हे मूल स्वतःच्या हाताने वापरू शकेल का? दुसरा : ती रोजच्या वापरात राहील का, की पेटीत पडून गंजेल? तिसरा : तिच्यामुळे मुलालाच इजा तर होणार नाही ना? तिन्ही उत्तरे बरोबर आली तरच वस्तू घ्यावी. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. वस्तू दिली म्हणजे भेट पुरी झाली नाही. ती वापरायला शिकवली, दोन-तीनदा करून घेतली, तेव्हाच ती पुरी होते.

तीन वर्षांखालचे बाळ

या वयातली भेट खरे तर आईच्या हाती द्यायची असते. चांगल्या विणीची मच्छरदाणी आणि ओआरएसची चार पाकिटे, ही बाळाच्या बारशाला नेण्याजोगी वस्तू आहे. जुलाब लागले की एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवायचे, थोडे थोडे पाजत राहायचे आणि 24 तासांनंतर उरलेले फेकून द्यायचे. अर्धे पाकीट, अर्धा तांब्या असा अंदाज करू नये. अंगावरचे दूध बंद करू नये. झिंकच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून घेऊन 14 दिवस पुऱ्या द्याव्यात. बाळ सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले तर घरी थांबू नये.

या वयाला दिवे लागणारी स्वस्त खेळणी मात्र देऊ नका. त्यात बटणाएवढा चपटा सेल असतो. बाळाने तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तसे झाल्याचा नुसता संशय आला तरी तडक मोठा दवाखाना गाठावा. शिट्टीही या वयाला नको. तिच्यातली गोळी घशात अडकू शकते.

तीन ते पाच वर्षे

या वयाला पायात नीट बसणारे बंद बूट किंवा गमबूट द्यावेत. पावसाळ्यात अनवाणी पायाला काच लागते, खिळा लागतो, विंचू चावतो. बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे, हा खेळ म्हणून शिकवावा. दुसरी भेट आहे पाठ करण्याची : स्वतःचे पूर्ण नाव, आईचे नाव, वस्तीचे नाव आणि घरातला एक मोबाईल नंबर. चाल लावून म्हटले की पंधरा दिवसांत पाठ होते. सोबत कापडाच्या तुकड्यावर नाव-नंबर लिहून तो दप्तराला आतल्या बाजूने शिवून द्यावा. बाहेर लावू नये. अनोळखी माणसाने नाव वाचून हाक मारली तर लेकरू फसते.

सहा ते नऊ वर्षे

आता शिट्टी आणि हातात मावणारी बॅटरी द्यायची वेळ आली. शिट्टी गोळी नसलेली घ्यावी, ती ओली झाली तरी वाजते. अडचणीत तीनदा वाजवायची, थांबायचे, पुन्हा तीनदा. पत्र्याखाली किंवा भिंतीआड अडकलेल्या मुलाचा ओरडून घसा बसतो, शिट्टी बराच वेळ वाजत राहते.

बॅटरीचा उपयोग रात्री लघवीला उठताना कळतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. त्यातला मण्यार रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. त्याचा दंश पुष्कळदा कळतही नाही. पहाटे लेकराचे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलता येत नाही. असे दिसले तर अंगावर खूण नसली तरी साप चावला असे समजून दवाखाना गाठा. कापायचे नाही, चोखायचे नाही, आवळून बांधायचे नाही. हात-पाय हलू न देता 108 ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालयात न्यावे. विषावरची लस तिथे मोफत असते. म्हणून जमिनीवर झोपणाऱ्या मुलाला या वयातही मच्छरदाणी हवीच, आणि ती अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेली हवी. डासही गेले, सापही बाहेर राहिला.

दहा ते तेरा वर्षे

या वयाला प्रथमोपचाराची पेटी द्यावी. विकतची भारी पेटी नको, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा चालतो. त्यात असावे : साबणाची वडी, निर्जंतुक गॉज, पट्टी, चिकटपट्टी, छोटी कात्री, थर्मामीटर, ओआरएसची पाकिटे आणि पाठीमागे फोन नंबर लिहिलेला पुठ्ठा. गोळ्या-औषधे त्यात ठेवू नयेत, ती मोठ्यांच्या ताब्यात राहावीत. सोबत तीन गोष्टी शिकवाव्यात.

भाजले तर 20 मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचे. टूथपेस्ट, शाई, बर्फ काही लावायचे नाही.

कुत्रा चावला तर जखम 15 मिनिटे साबण-पाण्याने धुवायची, आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. हळद-चुना नाही, मंत्र-तोडगा नाही.

उन्हाने चक्कर आली तर सावलीत न्यायचे, अंग ओल्या फडक्याने पुसायचे आणि शुद्धीवर असेल तरच पाणी पाजायचे.

याच वयात मुलींना एक छोटी पिशवीही द्यावी : पॅड किंवा धुतलेले सुती कापड, एक जादा चड्डी, साबण आणि कागदी पुड्या. शाळेत पाळी आली किंवा पुरात समाजमंदिरात रात्र काढावी लागली तर ती कुणापुढे लाजणार नाही. आणि मुलाला बॅटरी, मुलीला भातुकली, असा भेद नको. पाणी घरात शिरते तेव्हा ते मुलगा-मुलगी पाहत नाही.

चौदा ते सतरा वर्षे

माझ्या थोरल्या बहिणीची दहावीची गुणपत्रिका, टीसी आणि जातीचा दाखला पत्र्याच्या पेटीत होता, आणि पेटी खाटेखाली. एका पावसाळ्यात रात्री नाल्याचे पाणी घरात आले. आम्ही सगळे सुखरूप निघालो. सकाळी पेटी उघडली तर कागदांचा लगदा झालेला. दुसऱ्या प्रती काढण्यात महिने गेले आणि तिचे कॉलेजचे ते वर्ष हुकले. ते वर्ष परत आले नाही.

म्हणून या वयाच्या मुलाला किंवा मुलीला पाणी न शिरणारे, चेन असलेले फोल्डर द्या. त्यात आधार, टीसी, गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात पडताळणीचे प्रमाणपत्र आणि बँकेचे पासबुक असावे. ते खाटेखाली ठेवू नये, खुंटीला उंच टांगावे. शेजारी बसून त्याच दिवशी डिजिलॉकरही सुरू करून द्यावे. आपल्या लेकरांची शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रवेश सारे या कागदांवर उभे आहे.

दुसरी भेट : घट्ट झाकणाचा रिकामा पाच लिटरचा कॅन आणि त्याला बांधलेला लांब, मजबूत दोर. नदी-तलावात कुणी बुडू लागला तर दोर धरून कॅन फेकायचा, काठी पुढे करायची, ओरडून माणसे गोळा करायची. स्वतः उडी मारायची नाही. एकाला काढताना दुसरा जातो, हे आपण पुष्कळदा ऐकतो.

घरात स्मार्टफोन असेल तर त्यात ‘दामिनी’ ॲप घालून द्यावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे हे ॲप जवळपासच्या विजेची सूचना देते. कापूस वेचताना किंवा जनावरे राखताना गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर पडायचे नाही. झाडाखाली थांबायचे नाही. आसरा नसेलच तर पाय जुळवून उकिडवे बसायचे, आडवे पडायचे नाही.

पौर्णिमेचा सराव

दर पौर्णिमेला आपण विहारात जातो. त्याच दिवशी घरी दहा मिनिटे काढावीत. बॅटरी लागते का? ओआरएसची मुदत संपली का? मच्छरदाणी फाटली का? बूट लहान झाले का? पत्र्यावर दगड ठेवले असतील तर ते उतरवून पत्रे आकड्यांनी पक्के करावेत, धक्का बसला की तेच दगड डोक्यात पडतात. मग दिवा मालवून लेकराला म्हणावे, “तुझी बॅटरी आण, शिट्टी आण, दारापर्यंत चल.” 108 रुग्णवाहिकेचा, 112 पोलीस व तातडीच्या मदतीचा, 1098 मुलांच्या मदतीचा आणि 1077 जिल्हा आपत्ती कक्षाचा, हे चार नंबर पाठ म्हणून घ्यावेत.

एवढे मात्र सांभाळा : लेकराला घाबरवून शिकवू नका. पुराच्या, मरणाच्या गोष्टी रंगवून सांगितल्या तर ते रात्री दचकून उठते. “तुला हे येते, शाब्बास” असे म्हणा. आणि घर वाचवण्याचा भार त्याच्यावर टाकू नका. त्याचे काम स्वतःला जपणे आणि मोठ्यांना हाक मारणे एवढेच. बाकीचे काम आपले.

या महिन्यात ज्याच्या घरी वाढदिवस असेल, त्याने यातली एकच वस्तू घ्यावी. मात्र केक कापून झाल्यावर ती लेकराच्या हातून एकदा वापरून घ्यावी.